जुन्या गाडीचे ‘रबरी भाग’ म्हणजे नेमके कोणते?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलावरून वाद पेटला तेव्हा, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला होता. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गास्केट बदलणे योग्य ठरेल. खर्च फार नाही, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते होऊन जाते, असा त्याचा आशय होता. त्यात चुकीचे काही नाही. पण ‘काही रबरी भाग’ म्हणजे कोणते, ते गाडीत कुठे असतात आणि गेले हे ओळखायचे कसे, हे गाडीवाल्याला कोणीच सांगत नाही. मग गाडी फ्लायओव्हरच्या चढावर गचके खात थांबते आणि नाक्यावरचा मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आत ‘पेट्रोलचा पंप गेला’ म्हणून मोकळा होतो. पंप बदलला जातो, आठवडा बरा जातो, गाडी पुन्हा थांबते. दोष बहुतेक वेळा पंपाशेजारच्या दोन वीत होसमध्ये, म्हणजे रबरी नळीत, असतो आणि बिल पंपाचे भरले जाते.

मुंबईत अशा गाड्या कमी नाहीत. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, कारण इथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. पण १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून घेतलेल्या खासगी पद्मिनी, ॲम्बॅसेडर, कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग असलेल्या) मारुती ८०० आणि पहिल्या पिढीच्या इंजेक्शनवाल्या (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या) गाड्या सोसायट्यांच्या आवारात अजून उभ्या आहेत आणि निदान रविवारी तरी बाहेर पडतात. त्यांच्या मालकांसाठी हे पत्र.

आधी दोन जाती वेगळ्या करू. कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनाला बोल्टने बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनातल्या उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर, चालतो. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात. इंजेक्शनच्या गाडीत तो विजेवर चालतो आणि पेट्रोलाच्या टाकीतच बुडालेला असतो. पहिला घरच्या घरी, मोजक्या पान्यांनी, सकाळच्या वेळात बदलता येतो आणि बदलावाही. दुसरा बदलता येतो, पण मुंबईच्या इमारतीत तो बदलू नये असेच माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

एसी पंपाचे काम साधे आहे. कॅमवरचा उंचवटा पंपाची दांडी दाबतो, दांडी आतला पडदा म्हणजे डायफ्राम खाली ओढते आणि त्या ओढीने टाकीतले पेट्रोल इनलेट व्हॉल्व्हमधून आत येते. उंचवटा पुढे सरकला की पडद्याखालची स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. म्हणजे पेट्रोल पुढे ढकलते ती स्प्रिंग, कॅम नव्हे. कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठवणारा कप्पा, भरून त्याच्या तोंडाची नीडल बंद झाली की पडदा खालीच राहतो आणि दांडी नुसती रिकामी हलते. दाब अगदी बेताचा, साधारण अडीच ते चार पीएसआय. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पडदा कापडावर रबर चढवून केलेला असतो. जुन्या काळचे हे रबर साध्या पेट्रोलासाठी होते. इथेनॉल लागले की ते फुगते आणि त्याला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते. गाडी रोज चालत असेल तर पडदा ओला राहतो आणि बरेच दिवस तग धरतो. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की तो सुकतो, आक्रसतो आणि नेमका घडीवर चिरतो. म्हणून गणपतीला गावी जाताना, पावसाळाभर उभी असलेली गाडी बाहेर काढली की हे दुखणे वर येते.

पडदा फाटला की पेट्रोल दोन वाटांनी जाते. पंपाच्या बुडाशी बारीक भोक असते, तिथून ते ठिबकते. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते, त्याला एमसील लावून बुजवण्याचा शहाणपणा कोणी करू नये. दुसरी वाट इंजिनाच्या आत. दांडीच्या बाजूने पेट्रोल इंजिनाच्या तळच्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढा. ऑइल भरल्याशिवाय पातळी वर चढली असेल आणि वास पेट्रोलाचा येत असेल, तर गाडी तिथेच बंद करा. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते आणि चेंबरमध्ये साठलेली वाफ पेट घेऊ शकते. अशा गाडीत पंपाबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलायचाच. नवा पंप लावून जुन्याच ऑइलवर गाडी हाणणे म्हणजे ऑइलचे पैसे वाचवून इंजिनाचे घालवणे.

आता तपासणी. पंप उघडण्यापूर्वी चार गोष्टी बघायच्या असतात आणि त्यातल्या दोन फुकटात होतात. टाकीत पेट्रोल खरेच आहे ना, कारण या वयाच्या गाडीचा काटा भरवशाचा नसतो. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणातले हवेचे भोक बुजलेले आहे, पंपाचा काही संबंध नाही. तिसरा फिल्टर. जुन्या टाकीत तळाशी गंज आणि राळेसारखा गाळ चिकटून बसलेला असतो, इथेनॉल तो सोडवते, आणि सगळा मळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. पारदर्शक फिल्टर तपकिरी दिसू लागला की तो फेकायचा, फुंकर मारून परत लावायचा नाही. नवा लावल्यावर दोन टाक्या पेट्रोल जाळले की तोही एकदा बघायचा.

चौथी परीक्षा पंपाची. कार्बोरेटरकडे जाणारी होस काढून तिचे तोंड धातूच्या लहान डब्यात सोडा. इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची) बारीक वायर काढून तिला टेप लावा. मधली जाड वायर नुसती उपटून बाजूला ठेवली तर सेल्फ मारताना ती ठिणगी टाकते, आणि शेजारी उघडे पेट्रोल असते. दुसऱ्या माणसाला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. सेकंदाला एक-दोन अशा भरघोस पिचकाऱ्या आल्या तर पंप ठणठणीत आहे, दोष कार्बोरेटरच्या नीडलमध्ये किंवा जेटमध्ये शोधा. पिचकारी मरतुकडी असेल किंवा आलीच नाही तर टाकीकडून येणारी (इनलेटची) होस काढून पंपाच्या नळावर बोट दाबून पुन्हा सेल्फ मारा. बोट ओढले गेल्यासारखे वाटले तर पंप ओढतो आहे. बिघाड टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेत आहे. ओढ अजिबात नसेल तर मात्र पंप गेला.

आणि पिचकारीत बुडबुडे दिसले तर? बहुतेक लोक इथेच फसतात. कार्बोरेटरकडची होस चिरली तर पेट्रोल बाहेर गळते, वास येतो, कुणालाही कळते. टाकीकडची होस चिरली तर एक थेंबही गळत नाही. त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. चिरेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पंप हवा ओढत बसतो आणि चढावर, जिथे पेट्रोल जास्त लागते, तिथे गाडी गचके खाते. ‘होस कोरडी आहे, म्हणजे चांगली आहे’ हा हिशेब या बाजूला चालत नाही. होस वाकवून बघा. वाकवल्यावर बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या चिरा उघडत असतील, टोकाशी चिकट काळे बोटाला लागत असेल किंवा ती लाकडासारखी कडक झाली असेल, तर ती गेलीच. टाकीच्या नळाजवळचा तुकडा गाडीखाली वाकून पाहावा लागतो, म्हणून तो कोणी पाहत नाही. उंदीर-घुशींनी कुरतडलेली होसही मुंबईत नवलाची नाही.

उन्हाळ्यातला एक प्रकार वेगळा आहे. मे महिन्यात सायन-पनवेल रस्त्यावर किंवा वेस्टर्न एक्स्प्रेसवर रांगेत तासभर सरपटल्यावर गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने निमूट सुरू होते. हा व्हेपर लॉक. पंपात किंवा नळीत पेट्रोलाची वाफ होते आणि वाफेपुढे पंपाचे काही चालत नाही. जुने टॅक्सीवाले पंपावर ओले फडके गुंडाळत, ते याच्यासाठी. फडक्याने गाडी सुरू झाली की पंप वाईट आहे असे ठरवू नका. पंप आणि इंजिन यांच्या मधला बॅकेलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे ना ते बघा. तो इंजिनाची उष्णता पंपापर्यंत येऊ देत नाही. आधीच्या कुणीतरी घाईत तो काढून नुसत्या कागदी पॅकिंगवर (गास्केटवर) पंप बसवलेला असेल तर रोग तिथे आहे. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला चिकटून जात असेल तर ती दोन-तीन बोटे दूर बांधा.

पंप घ्यायचा ठरला तर जुना काढून बरोबर न्यावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. दांडीची लांबी, तिचा बाक, बोल्टांच्या भोकांमधले अंतर आणि नळांची दिशा जुन्याशी जुळवून बघा. जुन्या साठ्यातला, कित्येक वर्षे खोक्यात पडलेला ‘ओरिजिनल’ पंप मोलाचा वाटतो, पण त्यातला पडदाही तितकाच जुना असतो. दुकानदाराला वर्ष नव्हे, पडदा कशाचा आहे ते विचारा. ज्या पंपाची दोन अर्धुके स्क्रूने जोडलेली असतात त्याचा पडदा आणि व्हॉल्व्हचा किट मिळतो, तो घरी बसवता येतो. ज्याची कड दाबून बंद केलेली असते तो उघडत नाही, तो अख्खाच बदलायचा. किट बसवताना एकच काळजी: स्क्रू पूर्ण आवळण्याआधी दांडी पूर्ण दाबून धरा, म्हणजे पडदा ताणलेल्या अवस्थेत कडेला बसतो. सैल अवस्थेत आवळला तर पहिल्याच दिवशी काठावर फाटतो.

होस घेताना तिच्या अंगावर छापलेले वाचा. एसएई जे३० आर९ असे (होसच्या मानकाचे नाव) असेल तर आतले अस्तर इथेनॉलला टिकणारे असते. नुसती काळी ‘पेट्रोल होस’ मीटरवर कापून मिळते, ती घेऊ नका. जुने रबर काढून तसलेच नवे रबर लावण्यात काय मिळवले? माप नळाच्या बाहेरच्या जाडीवरून, व्हर्नियरने. क्लिप घेताना पट्टीला खाचा आरपार कापलेली नको, ती होसमध्ये रुतून तिला कापते. गुळगुळीत पट्टीची घ्या. आणि होस एकच बदलू नका. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जितके रबरी तुकडे आहेत ते सगळे एकाच दिवशी बदलायचे. मंत्रालयाच्या खुलाशातले ‘काही रबरी भाग’ प्रथम हेच: हे सगळे तुकडे, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचा ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, नीडलचे टोक रबरी असेल तर ते, आणि टाकीच्या झाकणाचे वायसर.

बसवण्याचे काम गार इंजिनावर. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, बाकी सगळे नंतर. नळ्यांचा मोबाइलवर फोटो घ्या. जुन्या होस ओढू नका, नळ मऊ धातूचा असतो, वाकतो किंवा सैल होतो. ब्लेडने उभी चीर देऊन सोला, नाहीतरी त्या फेकायच्याच आहेत. टाकीकडची नळी मोकळी होताच तिच्यातून पेट्रोल वाहत राहू शकते, म्हणून तिच्या मापाचा बोल्ट हाताशी ठेवा आणि खोचून क्लिप आवळा. पंपाचे दोन नट मारुतीला बहुधा बाराच्या, पद्मिनीला तेराच्या पान्याने निघतात. जुन्या इंजिनाच्या ॲम्बॅसेडरला इंची पाने लागतात. दोन्ही नट थोडे सैल करून बघा. पंप स्प्रिंगने बाहेर ढकलला जात असेल तर कॅमचा उंचवटा दांडीवर आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटला पाना लावा आणि इंजिन थोडे फिरवा. दांडी सैल पडली की पुढे जा. ही एक गोष्ट टाळली की नवा पंप लावताना स्प्रिंगशी कुस्ती खेळावी लागते आणि त्या झटापटीत आटे जातात.

पंप निघाला की भोकात स्वच्छ फडके कोंबा, म्हणजे जुन्या पॅकिंगचे तुकडे इंजिनात पडणार नाहीत. पॅकिंग खरवडायला लाकडी किंवा पितळी पट्टी घ्या, स्क्रू ड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि तिथून ऑइल गळत राहते. काही इंजिनांत कॅम आणि पंपाच्या दांडीमध्ये लहान पुशरॉड असतो. तो घरंगळून हातात येतो किंवा जमिनीवर पडतो आणि मग कोणालाच आठवत नाही. त्याची दोन्ही टोके बघा, झिजून बशीसारखी झाली असतील तर नवा पंपही अर्धाच चालेल. परत घालताना ग्रीसचा टिपका लावला की तो जागेवर थांबतो.

आता पॅकिंगची जाडी, जिच्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. बॅकेलाइट आणि दोन्ही बाजूंची कागदी पॅकिंग मिळून जी एकूण जाडी असते तीच दांडी किती हलणार हे ठरवते. जाडी वाढली तर दांडी कमी हलते, पेट्रोल कमी येते. जोरात गाडी उपाशी राहते. जाडी कमी झाली तर दांडी गरजेपेक्षा जास्त दाबली जाते आणि पडदा किंवा दांडीच तुटते. म्हणून जुना गठ्ठा फेकण्याआधी व्हर्नियरने मोजा आणि नवा तेवढाच करा. कागदी पॅकिंग कोरडी किंवा ऑइलचे बोट फिरवून लावा. सिलिकॉनचा थर देऊ नका, त्याचा आत आलेला तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो.

पंप भोकात घालताना दांडीचे टोक कॅमच्या नेमक्या बाजूला टेकले पाहिजे. ते भलतीकडे गेले तर पंप बसल्यासारखा दिसतो, नटही आवळले जातात, आणि पहिल्या सेल्फला दांडी तुटून इंजिनात पडते. हाताने खात्री करा: पंप हाताने दाबून धरला की मऊ स्प्रिंग लागली पाहिजे, आणि पंपाचा चेहरा पॅकिंगला जवळजवळ टेकला पाहिजे. तो तिरका उभा राहत असेल तर नटने ओढून बसवू नका, बाहेर काढून पुन्हा घाला. नट आधी हाताने तीन-चार आटे चढवा, मग आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. आठ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० न्यूटन मीटर पुरे. पाइप घालून हँडल लांब केलेत तर हेडमधले आटे जातात, आणि मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवायला गॅरेजची पायरी चढावीच लागते.

तीन नळांच्या पंपात तिसरा नळ परतीचा असतो, तो टाकीकडे जातो. तो आणि कार्बोरेटरचा नळ अदलाबदल झाला की पेट्रोल फिरून टाकीतच जाते. फोटो कशाला घ्यायचा ते इथे कळते. शेवटी होसची टोके नळावर दोन-अडीच सेंटीमीटर चढली आहेत आणि क्लिप नळाच्या फुगवट्याच्या मागे बसली आहे हे बघा, बॅटरी जोडा आणि कॉइलची वायर काढलेलीच ठेवून दहा सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. फ्लोट चेंबर भरायला दोन-तीन खेपा लागतात. ज्या पंपाला हाताची कळ असते त्याने हे काम हातानेच होते. कळ सैल लागत असेल तर इंजिन थोडे फिरवा. मग कॉइलची वायर लावा, गाडी सुरू करा आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू कागद फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. इंजिन गरम होऊन गार झाले की पॅकिंग बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही नट एकदा हलक्या हाताने तपासा.

एसी पंप न मिळाल्यास लहान इलेक्ट्रिक पंप नळीत घालून द्यायची पद्धत सध्या फोफावली आहे. तिच्याबद्दल स्पष्ट सांगावे लागेल. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तीन बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे चाळीसहून जास्त पीएसआय. तो कार्बोरेटरला लावला तर नीडल उघडीच राहते आणि पेट्रोल कार्बोरेटरवरून ओसंडून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते. कमी दाबाचा, कार्बोरेटरसाठीचाच पंप असेल तरी त्याची वायर नुसती चावीवर जोडू नये. अपघात होऊन इंजिन बंद पडले आणि चावी ऑन राहिली, तर पंप तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओततच राहतो. ऑइल प्रेशरच्या स्विचवरून किंवा धक्क्याला तुटणाऱ्या इनर्शिया स्विचवरून पंपाचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चालवलाच पाहिजे, फ्यूज पंपाच्या मापाचा पाहिजे, आणि जुन्या पंपाचे भोक प्लेट व पॅकिंग लावून बंद केले पाहिजे.

टाकीतल्या पंपाबद्दल थोडक्यात. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. आली नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग टाकीवरचा कनेक्टर. मल्टिमीटरने पंपाच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायर किंवा अर्थ खराब आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत अर्थचा बोल्ट गंजतोच, आणि त्या गंजापायी चांगले पंप भंगारात जातात. हा पंप पेट्रोलनेच गार राहतो, म्हणून सतत रिझर्व्हवर चालवणारा तो स्वतः जाळतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे सर्रास होते: पेट्रोल दोन लिटर, तेही सहा महिन्यांचे. टाकीत दहा लिटर तरी ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टाकीतली लहान होस बदलायची वेळ आली तर ती जे३० आर१० हवी. आर९ आतून टिकते, बाहेरून बुडवून ठेवण्यासाठी ती नाही.

आणि तरीही हा पंप घरी बदलू नये असे मी म्हणतो, कारण त्यासाठी टाकी उघडावी लागते. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि हवेत दीड टक्का एवढी झाली तरी पेटते. आपल्या इमारतींत गाड्या स्टिल्टमध्ये किंवा तळघरात उभ्या असतात, आणि त्याच तळमजल्यावर पाण्याच्या मोटरची खोली असते. पाण्याच्या वरच्या टाकीतले पाणी कमी झाले की मोटर आपोआप सुरू होते, स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. तिला कोण थांबवणार? चाळीच्या आवारात तळमजल्याच्या दारात गॅस पेटलेला असतो, देवापुढे निरांजन असते. त्यामुळे टाकी उघडायची तर मोकळ्या मैदानात, नाहीतर गॅरेजात. एसी पंपाचे कामसुद्धा स्टिल्टबाहेर, उघड्या आवारात, चार किलोचे एबीसी पावडरचे सिलिंडर हाताशी ठेवून करावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर ते पेट्रोल तरंगत दूरवर पसरते. दिवा लागलाच तर बॅटरीचा एलईडी टॉर्च. वायरचा बल्बवाला हँडलॅम्प नको, तो पडून फुटला की झाले. आग आवरत नसेल तर माणसे बाहेर काढा आणि १०१ लावा.

काढलेले पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत ठेवू नका. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत ठेवता येते, पण काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात एका लिटरपर्यंत आणि धातूच्या डब्यात २५ लिटरपर्यंत, घट्ट बूच लावून. गटारात तर ते मुळीच ओतायचे नाही. गटाराचे पाणी नाल्यात जाते आणि वाफ मात्र पुढच्या झाकणाखाली थांबून राहते. ऑइल मिसळलेले असेल तर ते गॅरेजच्या पिंपात द्या.

राहिली मागणी. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांत इथेनॉलला टिकणारे भाग आहेत असे कंपन्या सांगतात. मग त्याआधीच्या प्रत्येक मॉडेलसाठी, गाडी बनणे बंद झाले असले तरी, कंपनीने एक यादी जाहीर करावी: कोणता पडदा, कोणती होस, कोणते सील, त्यांचा पार्ट नंबर आणि तो कशाचा बनलेला आहे. स्पेअरच्या खोक्यावर ‘ओरिजिनल’ ऐवजी हे छापावे. परिवहन खात्याने १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या वेळी ती यादी गाडीमालकाच्या हाती द्यावी. ‘काही रबरी भाग बदला’ असे सांगून झाले आहे. आता त्यांची नावे जाहीर करावीत.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई